खैराटचे हिरवे संगणक

मुलांनो, आपल्या भित्तिपत्रकाच्या प्रश्नपेटीत एक चिठ्ठी आली आहे. नाव लिहिलेले नाही, पण अक्षर ओळखीचे आहे! प्रश्न असा : "बाई, तुम्ही म्हणता मोबाईल जास्त बघू नका. आणि अभ्यास पण मोबाईलवरच पाठवता. मग आम्ही करायचं काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून या वेळी भिंतीची ही सबंध बाजू मी मागून घेतली. मुलांना न्यायला येणाऱ्या पालकांनीही उभ्या उभ्या वाचावे. काही मजकूर त्यांच्यासाठीच आहे.

आधी एक हकिगत सांगते. ती अमेरिकेतली नाही, मुंबईतलीही नाही, आपल्या रायगड जिल्ह्यातली आहे. खैराट गावच्या धनगरवाड्यावर एक शाळा होती. एक खोली, एक शिक्षक आणि पहिली ते चौथीची मिळून सुमारे बावीस मुले. म्हणजे आपल्यासारखीच, किंबहुना आपल्याहून लहान. २००७ साली या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात एकेक छोटा संगणक आला. पांढरा आणि पोपटी हिरवा, दप्तरासारखा मुठीत धरून न्यायचा. 'एक मूल, एक लॅपटॉप' नावाची योजना तेव्हा जगभर गाजत होती, आणि भारतातला तिचा पहिला प्रयोग या धनगरवाड्यावर झाला.

ही योजना अमेरिकेतले निकोलस निग्रोपोंटे या गृहस्थांनी २००५ साली जाहीर केली. त्यांचे म्हणणे असे की, गरीब देशातल्या मुलाला शंभर डॉलरमध्ये संगणक मिळाला तर ते मूल आपले आपण शिकेल. शंभर डॉलरमध्ये काही तो बसला नाही. तयार होईपर्यंत किंमत जवळजवळ दुप्पट झाली. पण यंत्र मात्र डोक्याने केलेले होते. उन्हात बसले तरी पडद्यावरचे वाचता येई. (तुमच्या बाबांचा मोबाईल दुपारी बांधावर काढून बघा, म्हणजे यात काय विशेष ते कळेल.) बटणांवर रबराचे आवरण, त्यामुळे धूळ-पाणी आत जायचे नाही. वीज फार थोडी लागे. वर सशासारखे दोन कान होते. ते उभे केले की जवळचे संगणक इंटरनेट नसतानाही एकमेकांशी जोडले जात. एकाने चित्र काढले की दुसऱ्याला ते आपल्या पडद्यावर दिसे.

भारत सरकारने मात्र ही योजना घेतली नाही. २००६ सालीच केंद्राच्या शिक्षण खात्याने नकार कळवला. हजारो शाळांत धड वर्गखोल्या नाहीत, शिक्षक नाहीत, तिथे हा पैसा आधी लागेल, असा विचार त्यामागे होता. म्हणून खैराटचा प्रयोग खाजगी मदतीवर झाला आणि लहानच राहिला.

मग कोण बरोबर? निग्रोपोंटे की सरकार?

याचे उत्तर दूर दक्षिण अमेरिकेत, पेरू देशात थोडेफार मिळाले. पेरूच्या सरकारने असे लाखो संगणक वाटले. तिथल्या खेड्यांतल्या ३१९ प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ साली अहवाल निघाला. सव्वा वर्ष संगणक वापरूनही मुलांच्या गणितात आणि भाषेत काही फरक पडलेला दिसला नाही. विचार करण्याच्या काही चाचण्यांत मुले थोडी पुढे गेली, एवढेच. म्हणजे संगणक वाईट होता असे नाही. नुसता हातात ठेवून भागले नाही. शिक्षकांना फारसे शिकवलेले नव्हते, आणि त्यावर कोणता धडा कसा घ्यायचा हे कुणी बसवून दिले नव्हते. आपल्याकडे नवा नांगर आणून पडवीत उभा केला तर भात उगवेल का?

पण थांबा. याच्या उलट हकिगतही आहे, आणि ती सांगितली नाही तर लबाडी होईल.

दिल्लीत कालकाजी म्हणून भाग आहे. तिथे एका संगणक कंपनीच्या कचेरीला लागून झोपडपट्टी होती. सुगत मित्र हे शास्त्रज्ञ त्या कंपनीत काम करीत. त्यांनी २६ जानेवारी १९९९ रोजी मधल्या भिंतीला भोक पाडून झोपडपट्टीच्या बाजूला तोंड करून एक संगणक बसवला. शिकवायला कोणी नाही, सांगायला कोणी नाही. आजूबाजूची पोरे जमली. काही तासांत त्यांना पडद्यावरचा बाण हलवायला आणि इंटरनेटवर फिरायला यायला लागले! यंत्रातल्या गोष्टींना इंग्रजी नावे होती, ती त्यांना येत नव्हती, तर त्यांनी आपली नावे ठेवली. बाणाला कुणी सुई म्हणे. पुढे असे संगणक आपल्या कोकणात, सिंधुदुर्गातल्या गावांतही बसवले गेले. परिमला इनामदार या संशोधिकेने २००४ साली त्याविषयी लिहिले आहे. तिथल्या मुलांनी, कोणी वर्गात शिकवलेले नसताना, आठवीची संगणकाची परीक्षा दिली आणि ती त्यांना जमली.

तेव्हा मूल आपले आपण शिकते हे खोटे नाही. मी रोज बघते. पहिलीतल्या मुलाला 'मोबाईल' हा शब्द लिहिता येत नाही, पण मोबाईलमध्ये आपल्याला हवे ते गाणे कुठे आहे हे त्याला बरोबर ठाऊक असते. मग तो माइकच्या चित्रावर बोट ठेवतो आणि तोंडाने सांगतो!

फक्त त्या भिंतीतल्या संगणकांचे पुढे काय झाले तेही ऐका. उत्तराखंडात अल्मोडा जिल्ह्यात असे दोन संगणक बसवले होते. काही वर्षांनी पायल अरोरा या संशोधिका तिथे गेल्या, तर ते बंद पडले होते. देखभाल कुणाची हे ठरलेले नव्हते. संगणक चालू होते तेव्हाही त्यांना वेढा मोठ्या मुलग्यांचाच असे. मुली मागे उभ्या. हे वाचल्यावर मला आपल्या शाळेतला पावसाळ्यातला नळ आठवला. पहिला कोण पितो? जो ढकलतो तो.

दाबणे आपोआप येते. पण दाबल्यावर जे समोर येते ते खरे की खोटे, त्यातले आपल्या कामाचे कोणते, आपल्याला हवे ते आपल्या भाषेत लिहायचे कसे, हे आपोआप येत नाही. ते शिकवावेच लागते. माझे मत तरी असे आहे.

आता २०२० साल. तुमच्यातले मोठे तेव्हा बालवाडीत होते, लहान तर पाळण्यात. मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्याला थडकले. श्रीवर्धन, अलिबाग, मुरुड आणि आत आपल्या रोह्याकडेही झाडे पडली, पत्रे उडाले, विजेचे खांब झोपले. कितीतरी गावे कित्येक दिवस अंधारात होती. आणि त्याच महिन्यात सगळीकडे बोलबाला सुरू झाला, 'आता शिक्षण ऑनलाइन!' मोबाईल चार्ज करायला वीज नाही, रेंजसाठी टेकाडावर चढायचे, घरात एकच मोबाईल आणि तो बाबांबरोबर धाटावच्या कारखान्यावर गेलेला. ऑनलाइन म्हणजे काय हे त्या वर्षी मुलांना कळले नाही. ऑफलाइन म्हणजे काय हे मात्र पक्के कळले.

त्या वर्षी एक शहाणपणाची गोष्ट झाली. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागू लागली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पुस्तकांना धरून, आणि घरातल्या घरात डबे, बिया, काड्या घेऊन करता येतील असे पाठ. टीव्हीला नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही, आणि एका टीव्हीसमोर शेजारची पाच मुले बसू शकतात. नवे यंत्र म्हणजे चांगले, जुने म्हणजे टाकाऊ, असे नसते. तुमच्या दारी जे पोचते ते तुमच्या कामाचे.

पुस्तकांवरची ती काळी-पांढरी चौकट तुम्ही पाहिलीच आहे. तिला क्यूआर कोड म्हणतात. १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा यांनी तो मोटारीच्या सुट्या भागांवर लावण्यासाठी काढला. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात, त्यांवरून मोबाईलला वर-खाली कळते, म्हणून पुस्तक उलटे धरले तरी चालते. तो शाळेच्या पुस्तकात आणला तो आपल्या महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शिक्षकाने. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे, तिथले रणजितसिंह डिसले गुरुजी. त्यांनी पुस्तकांवर असे कोड लावले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर ते आले. डिसले गुरुजींना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

पालकांसाठी एक सूचना इथेच देते. दिवाळीनंतर जी कुटुंबे वीटभट्टीवर जातात त्यांनी जाण्याआधी मुलाचे पुस्तक आणि मोबाईल घेऊन शाळेत यावे. दीक्षा ॲपमधले पाठ रेंज असताना एकदा उतरवून घेतले की नंतर नेट नसतानाही बघता येतात. भट्टीवर रेंज नसली तरी चालेल. काम दहा मिनिटांचे आहे.

आता मुख्य गोष्ट. आपल्या शाळेत संगणक एक आणि मुले अनेक. खैराटसारखा प्रत्येकाला एक, असे आपल्याकडे होणार नाही. वीजही पावसात भरवशाची नाही. मग काय शिकवायचे? मी ठरवले की मराठी लिहायला शिकवायचे. आणि ते संगणक बंद असतानाही शिकता येते! पुठ्ठ्यावर कळफलक काढायचा आणि त्यावर बोटे फिरवायची. पेटी शिकणारे नाही का हवेत बोटे चालवतात?

गंमत अशी आहे की मराठीचा हा कळफलक तुमच्या वर्णमालेवरच बसवला आहे. १९८६ साली सरकारने तो ठरवला, त्याला इन्स्क्रिप्ट म्हणतात. डाव्या हाताखाली स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताखाली व्यंजने. डाव्या हाताच्या बटणावर नुसते दाबले तर काना, आणि शिफ्ट धरून दाबले तर आख्खा 'आ'. उजवीकडे 'क' जिथे आहे तिथेच शिफ्ट धरले की 'ख'. 'ग' च्या वर 'घ', 'त' च्या वर 'थ', 'प' च्या वर 'फ'. ज्याला वर्णमाला पाठ आहे त्याचे निम्मे काम झाले. आणि एकदा हात बसला की हिंदी, गुजराती, बंगाली यांचीही अक्षरे त्याच जागी सापडतात.

आपल्या गावाचे नाव लिहून बघू. निडी. कागदावर लिहिताना आपण आधी वेलांटी काढतो, मग 'न'. संगणकाला असे चालत नाही. तो म्हणतो, आधी 'न' सांगा, मग त्याला काय लावायचे ते सांगा. म्हणजे आपण तोंडाने जसे बोलतो तसे, न-ला-पहिली-नि! तेव्हा व्हीच्या बटणावर 'न', मग एफच्या बटणावर पहिली वेलांटी. ती आपली आपण 'न' च्या आधी जाऊन बसते. मग 'पी' च्या शेजारच्या चौकटी कंसावर 'ड', आणि आर वर दुसरी वेलांटी. चार बटणे, झाले निडी. पहिली आणि दुसरी वेलांटी वेगवेगळ्या बटणांवर असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चूक लगेच पकडली जाते. शुद्धलेखनासाठी मला तरी याहून चांगला मास्तर मिळाला नाही.

रोहा त्याहून सोपे : जे, ए, यू, ई. पेण : एच, एस, आणि शिफ्ट धरून सी. जोडाक्षर आले की पाय मोडायचा. पाय मोडायचे बटण डी. 'अष्टमी' मधला 'ष्ट' लिहायचा तर 'ष', मग डी, मग 'ट'. चौथीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, 'ष' चा पाय मोडल्यावर 'ट' खाली कसा जातो?" याचे उत्तर असे की तो खाली नेण्याचे काम संगणकच करतो, आपण फक्त क्रम सांगतो. संगणकाचे सगळे शिकणे इथेच आले. त्याला क्रम बरोबर सांगावा लागतो. चुकीचा सांगितला तर तो भांडत नाही, चुकीचेच करून दाखवतो.

मोबाईलवर बोलून लिहिता येते, मग हे कशाला, असे काही पालक विचारतात. बोलून लिहिलेले वाचून बघा म्हणजे कळेल! 'सातबारा' बोलले तर कधी अक्षरे येतात, कधी आकडे. नाव, गाव, तारीख यांत एका अक्षराची चूक झाली की शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो, आणि नाव दुरुस्त करायला बाबांचा दिवसाचा रोज बुडतो. अर्ज भरून देणारा दुकानदार पन्नास मुलांचे अर्ज भरतो, त्याला आपले नाव तपासायला वेळ नसतो. आपल्याला वाचता आले तर आपण तिथे उभे राहून म्हणू शकतो, "दादा, ती वेलांटी दुसरी हवी."

आणखी एक काम तुमच्या घरचेच आहे. पूर्वी शेतात काय पेरले आहे ते तलाठी येऊन लिहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर गाव, खाते, गट नंबर निवडायचा, पिकाचे नाव आणि क्षेत्र भरायचे, आणि शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटो घरात बसून काढला तर उपयोग नाही, कारण आपण कुठे उभे आहोत ते मोबाईल उपग्रहाकडून समजून घेतो. ही नोंद सातबाऱ्यावर जाते. भाताला नुकसानभरपाई मागायची, सरकारी केंद्रावर भात घालायचा, तर ही नोंद विचारतात. भाताची एकदा आणि नंतर वालाची एकदा, अशी दोनदा करावी लागते. आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही. मग त्यांच्याबरोबर बांधावर जायचे, गट नंबर त्यांना विचारायचा, आणि बटण तुम्ही दाबायचे. क्षेत्राचे आकडे भरण्याआधी मोठ्याने वाचून दाखवायचे. आर आणि हेक्टर यांची गल्लत होते, म्हणून सांगितले. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. पाचवीच्या मुलांनी हे उदाहरण सोडवलेले आहे.

पैशाचे मात्र थोडक्यात आणि कडक सांगते. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतो म्हणाला तरी नाही. आणि हे घरी सर्वांना पाठ करून घ्या : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन फक्त देण्यासाठी लागतो. "तुम्हाला पैसे पाठवलेत, पिन टाका" असे कोणी म्हणाला की तो चोर. तरीही फसवणूक झालीच तर रडत बसू नये, लगेच १९३० या नंबरवर फोन करावा. जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

आता पुन्हा त्या नळाकडे येते. २०२४ साली देशभर खेड्यांत 'असर' नावाची पाहणी झाली. चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांत शंभरातल्या ८२ जणांना स्मार्टफोन वापरता येतो असे तीत दिसले. आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले होते ५७ टक्क्यांनी, आणि गप्पा-व्हिडिओ-फोटो यांसाठी वापरला होता ७६ टक्क्यांनी. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे होते शंभरात ३६ आणि मुली २७. हे मोठ्या मुलांचे आकडे आहेत, पण सवय आपल्या वयात लागते. घरी मोबाईल आला की तो आधी दादाच्या हातात जातो. ताई भाकऱ्या झाल्यावर, भांडी झाल्यावर, आणि चार्जिंग उरले असेल तर. आयांनो, तुम्हीच सांगा, असे होते की नाही?

म्हणून शाळेत मी वार वाटून दिले आहेत. पुठ्ठ्याचे तीन कळफलक पेटीवर ठेवले आहेत, ते मधल्या सुट्टीत कोणीही घ्यावेत, फाडू नयेत. 'निडी', 'रोहा', 'पेण' आणि 'शाळा' हे शब्द न बघता पाच वेळा बरोबर जमले की खऱ्या संगणकावर पाळी. सोमवारी आणि बुधवारी मुली बसतील, मंगळवारी आणि गुरुवारी मुलगे. शुक्रवार ज्यांचे कोणी घरी विचारत नाही त्यांचा, त्यांनी मला वर्गात हळूच येऊन सांगावे. शनिवारी सकाळी, वीज असेल तर, पालकांपैकी कोणालाही सातबारा बघायला शिकायचे असल्यास मी साडेनऊपर्यंत शाळेत आहे. गट नंबर लिहून आणावा.